दुहेरी काळं कापड

सिंगापुरातल्या सेरंगून भागातल्या कापडवाल्याने मला फसवलं. उजेडाचा कणही आत येणार नाही, असं छातीठोकपणे सांगून त्याने विरळ काळं कापड माझ्या गळ्यात मारलं.

नव्वदच्या दशकात मी जहाजाची नोकरी सोडून सिंगापूरला स्थिरावलो आणि एक जुना, भात्याचा मोठा कॅमेरा घेतला. त्याच्या मागच्या दुधी काचेवर समोरचं दृश्य उमटतं, पण ते दिसायला डोक्यावरून काळं कापड घ्यावं लागतं. तयार कापडाची किंमत ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणून सेरंगूनहून कापड आणून मी घरीच शिवायला बसलो. खिडकीसमोर धरलं, तर पलीकडच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसले. दुकानदार माल परत घेईना. मग मी ते दुहेरी केलं. रुंदी निम्मी झाली, हनुवटीखाली कडा जुळेनात, म्हणून परकराला ओवतात तशी नाडी ओवली. वाऱ्याने उडू नये म्हणून काठात लोखंडी नट शिवले.

रविवारी पुलाउ उबीन बेटावर गेलो. पाण्याकाठचं एक जुनं घर, शेजारी फळ्यांचा धक्का. बायको शहाळी आणायला गेली. चार वर्षांच्या मुलीला मी पायाशी बसवलं, कापडात शिरलो, नाडी बांधली.

काचेवर सगळं उलटं दिसतं. पाणी वर, घर खाली. त्यात डाव्या बाजूने एक लाल ठिपका आला. फोकस छान जमलाय, असं मला वाटलं. मग तो ठिपका वाकला. तो तिचा फ्रॉक होता. ती धक्क्याच्या कडेला होती.

मी हाक मारली. आवाज कापडातच राहिला. नाडी ओढली, तर गाठ आवळली. काचेवर ती आणखी वाकली. बोटांना नाडी सापडेना. शेवटी मान हिसडून बाहेर पडलो. कॅमेरा आडवा झाला. लख्ख उन्हात काही दिसेना, तरी डावीकडे धावलो.

तिथे नुसतं गवत होतं. ना धक्का, ना मुलगी. मला वाटलं, बुडाली.

"अहो, ती इकडे आहे. तुम्ही तिकडे कुठे धावलात?"

बायको उजवीकडे, धक्क्यावर. एका हाताने तिने पोरीचा फ्रॉक मुठीत धरला होता. शहाळी पाण्यात तरंगत होती.

"बाबा, सो मेनी फिश लाह," पोरगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

काचेवर डावं-उजवंही उलटं होतं, हे मला रोजचं ठाऊक. त्या क्षणी ते डोक्यातून पुसलं गेलं होतं. मी गवतातच बसलो.

दुसऱ्या दिवशी ते कापड दुकानदाराच्या गल्ल्यावर आपटलं. तो शांतपणे म्हणाला, "इतना भाव तोडोगे, तो ऐसा ही माल मिलेगा."

भाव मी पाडला, पाडणारच. पण उजेड येणार नाही, हा शब्द त्याचा होता. कापड घट्ट असतं, तर ते एकेरी राहिलं असतं, नाडी लागली नसती, माझी हाक पोरीपर्यंत पोचली असती. तिकडे कुठे धावलात, असं बायको अजून विचारते. मी का उत्तर देऊ? त्या कापडवाल्याने माझ्या बायकोसमोर उभं राहावं आणि द्यावं.