बॅटरीला आमच्या घरचं पाणी

आमच्या रेडिओची पहिली बॅटरी मी मारली. दहा आठवड्यांत मारली, आणि तीही मोठ्या प्रेमाने. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी फुशारकी मारायला लागले की कोणी नाक मुरडणार नाही.

दर्यापूरच्या पुढे, अकोल्याच्या अंगाला माझं सासर. काळी जमीन, कापूस भरपूर, आणि जिथे खणाल तिथे पाणी खारं. साऱ्या गावात एकच विहीर त्यातल्या त्यात गोड, ती वरच्या आळीत. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो होतो, पण विहिरीवरची रीत काही बदलली नव्हती. आमच्या बायकांनी घागर मांडून उभं राहायचं आणि कोणाच्या मनात आलं की त्याने वरून पाणी ओतायचं. रोजच्या वापराला आम्ही आपल्या खाऱ्या विहिरीचं पाणी वापरत असू. गोडं पाणी पाहुण्याला आणि आजाऱ्याला.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, जिनिंगमध्ये राखणदार होते. मोतीबिंदूने डोळे गेले तेव्हा नोकरीही गेली. पण बातम्यांचं वेड गेलं नाही. चावडीवर सरकारी रेडिओ होता. मामाजी संध्याकाळी काठी टेकत तिथे जायचे आणि पायऱ्यांखाली बसायचे. एकदा पंचायतीच्या एका सभासदाने त्यांना म्हटलं, "बुढेबा, जरा दूर बसा. तिकूनबी आयकू येते." मामाजी उठले, घरी आले, आणि पुन्हा चावडीवर गेले नाहीत. जेवताना त्यांनी ही गोष्ट एकदाच सांगितली. ती ऐकून मला जो संताप आला तो आज म्हातारपणीही उतरलेला नाही.

माझे यजमान धारणीकडे शाळामास्तर होते. बदली होऊन चाललेल्या जंगल खात्याच्या एका साहेबाकडून त्यांनी जुना रेडिओ घेतला आणि येताना अकोल्याहून नवी बॅटरी आणली. गावात वीज नव्हती. तो रेडिओ ट्रकला असते तसल्या बॅटरीवर चालायचा. वर तीन बुचं, आत तेजाब. दर महिन्याला ती दर्यापूरला नेऊन जिनिंगच्या इंजिनावर चार्ज करून आणायची. सुट्टी संपली तेव्हा यजमान मला म्हणाले, "पानी कमी झालं की वरून घालजो. चांगलं, साफ पानी."

आता आमच्या घरात रेडिओपेक्षा मोठा पाहुणा कोण होता? मी घागर घेऊन गोड्या विहिरीवर जायची. तासतासभर उन्हात उभी राहायची. मिळालेलं पाणी फडक्याने गाळून तिन्ही बुचं उघडून आत घालायची, आणि दूरच्या बिऱ्हाडातल्या बायकांना ऐकू जाईल असं सांगायची की आमची बॅटरी गोडंच पाणी पिते. संध्याकाळी आमच्या अंगणात चाळीसेक माणसं बसायची. मामाजी खाटेवर रेडिओला कान लावून बसत आणि बातम्या संपल्या की सगळ्यांना समजावून सांगत. मग एक दिवस बातम्यांच्या मधेच आवाज बारीक झाला. दर्यापूरहून चार्ज करून आणली तर दोन दिवस चालली. नंतर एक दिवस. नंतर घुंई करून गप्पच.

मामाजींनी अकोल्याच्या दुकानदाराला पोटभर शिव्या दिल्या. यजमानांचं पत्र आलं की आता एकच बॅटरी घेऊ, तीही बिघडली तर रेडिओ विकून टाकायचा. त्यांना शाळेमुळे येता येत नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा मामाजी उठून रेडिओपाशी गेले. मुक्या रेडिओवरची धूळ त्यांनी हाताने चाचपून पुसली. मी म्हटलं, "बॅटरी मी आनतो." (आमच्याकडे बायाही असंच बोलतात, पुण्याच्या माणसाने दचकू नये.) आत्याबाई, माझ्या सासूबाई, लुगडं सावरून म्हणाल्या, "मीबी येतो. पोरगी एकली पाहून कोनी फसवीन."

मेलेली बॅटरी चुंबळीवर घेऊन मी एसटीपर्यंत चालले. अमरावतीला चार्जिंगच्या दुकानात एक म्हातारे मिस्त्री बसले होते. मांडीवर टॉवेल, आणि पायजम्याला तेजाबाने पडलेली भोकं. ते आमच्या मागे कोणी पुरुष येतोय का ते पाहत राहिले. कोणीच आलं नाही तेव्हा त्यांनी आमची बॅटरी पुढे ओढली, बुचं उघडली आणि आत डोकावले.

"खाऱ्या पान्यानं मेली, बाई."

"खारं नाई घातलं. गोड्या इहिरीचं घातलं."

"त्या पान्यात दाळ शिजते का?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "नाई शिजत. दाने तसेच राह्यतात. दाळीसाठी आमी पावसाचं पानी ठिवतो."

आमच्या आत्याबाईंचं वरण साऱ्या बिऱ्हाडांत नावाजलेलं होतं ते त्याच पाण्यामुळे. पावसाळ्यात त्या अंगणात चार खुंटांना पांढरं धोतर बांधायच्या, मधोमध धुतलेला गोटा ठेवायच्या, आणि खाली माठ. धुळीच्या सरी वाहून जाऊ द्यायच्या आणि नंतरचं पाणी धरायचं. मिस्त्रींनी हे सगळं विचारून घेतलं. पाणी टिनाच्या छपरावरून तर येत नाही ना, पितळेच्या भांड्यात तर ठेवत नाही ना? मग म्हणाले, "दाळ शिजत नाई त पान्यात खार हायेच. दुकानातलं बॅटरीचं पानी मिळालं त घ्या. नाई मिळालं त हेच, काचेच्या बाटलीत भरून ठिवा. इहिरीचं एक थेंब नाई."

मला धरणी ठाव देईना. ज्या पाण्यासाठी मी उन्हात उभी राहिले, त्यानेच बॅटरी मेली होती. आणि चांगलं पाणी आमच्या घरात, चुलीमागे, माठात होतं.

पण रडायला वेळ नव्हता, बॅटरी निवडायची होती. समोर तीन होत्या. एक लाल रंगाची, पितळी कड्यांची, पाहताच आवडावी अशी. मिस्त्रींनी काचेची नळी तिच्या पहिल्या भोकात बुडवून तेजाब वर ओढलं. नळीतलं बोंडुक, म्हणजे आतला तरंगता काटा, छान वर आलं; म्हणजे तेजाबात दम होता. ते नळी ठेवायला लागले तर मी म्हटलं, "तिन्ही भोकात पाहा." तांदूळ घेताना मी पोत्याच्या तोंडावरचा मूठभर पाहून कधी घेत नसे. दुसऱ्यातही ठीक होतं. तिसऱ्यात बोंडुक खाली बसलं. दुसरी बॅटरी जुनी, वरून रंगवलेली निघाली. तिसरी काळी, बोजड, चेहऱ्याने अगदीच सामान्य, पण तिन्ही भोकांत बोंडुक एका उंचीवर. मी तीच घेतली. मिस्त्रींनी आत्याबाईंना विचारलं, "सून कितवी शिकली?" आत्याबाई म्हणाल्या, "सातवी. पन हे तिले घरीच येते." कौतुक करायची त्यांची एवढीच तऱ्हा होती, आणि मी ते शब्द पुढे कितीतरी वर्षं पुरवून वापरले.

येताना भातकुलीच्या अलीकडे मी त्यांना सांगितलं की पहिली बॅटरी मीच मारली. त्या म्हणाल्या, "मले समजलं ना तिथंच. बुढ्याले तूच सांग." घरी आल्यावर मी मामाजींसमोर बसून सगळं सांगितलं. 

"म्हंजे त्या अकोल्याच्या मानसाले म्या फुकट शिव्या देल्ल्या," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "अन् आपन जलमभर त्या पान्यासाठी उभे राह्यलो."

ती काळी बॅटरी चार वर्षं चालली. चार्ज करायला मी ती दर्यापूरला दिली नाही. तिथे सकाळी दिली की दुपारी मिळायची, पण हाताला चटका बसेल इतकी तापलेली. अमरावतीचे मिस्त्री दोन दिवस ठेवून घ्यायचे. दूध मंद आचेवर ठेवावं तसं त्यांचं काम. पुढे गावात वीज आली. लोकांनी कोणत्या खोलीत किती दिवे लावायचे ते ठरवलं, मी चार्जर आणायला अमरावतीला गेले. मिस्त्रींनी दोन दाखवले. एक मोठा, झटपट काम करणारा, आणि एक लहान, ज्याचा काटा जेमतेम हलायचा. मी लहान घेतला. ते हसले, म्हणाले, "मले वाटलंच." वीज नेमकी बातम्यांच्या वेळी जायची, त्यामुळे गावात बॅटरीवरचे रेडिओ वाढले होते, आणि त्या सगळ्या बॅटऱ्या आमच्या ओसरीवर रांगेत बसू लागल्या.

फक्त चावडीची येत नव्हती. चावडीच्या दोन बॅटऱ्या तोवर मेल्या होत्या. तिसरी नवी आणली, आणि महिन्याभरात ती घेऊन एका संध्याकाळी सायकलवरून आमच्या अंगणात कोण यावं? मामाजींना दूर बसवणारे तेच सभासद. केस पिकले होते. मी बुचं उघडून पाहिलं, पाणी कमी झालं होतं, पण आतल्या पट्ट्या अजून चांगल्या होत्या.

"पानी कोन्तं घालता?" मी विचारलं.

"अजून नाई घातलं. आधीच्याईले गोड्या इहिरीचं घालत होतो."

"थे नाई चालत. त्यानंच मेल्या त्या."

"मंग कोन्तं?"

"आमच्या घरचं."

मी पावसाच्या पाण्याची बाटली त्यांच्यासमोर धरली. घाई केली नाही. पाणी कोणाच्या घरचं आहे हे त्यांना नीट दिसू दिलं. ते बाटलीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "टाका."

मी तिन्ही भोकांत सारखं पाणी घातलं. एक थेंब सांडला नाही. आमच्या रेडिओवर बातम्या लागायची वेळ झाली होती, आणि ते सायकलपाशी उभ्याउभ्याच ऐकायला लागले. मामाजींनी त्यांचा आवाज केव्हाच ओळखला होता. ते खाटेवर जरा सरकले आणि बाजूची जागा हाताने थोपटली.

"तिकडं काहून उभे? जवळ येऊन बसा," ते म्हणाले. "इथून साजरं आयकू येते."

ते येऊन बसले.