दहिवली ते साजगाव, चार मऊ चाकांवर

“भात हाय म्होरं! भातावरनं नको रं!”

पळसदरी मागे टाकून खोपोलीकडे येताना एका उतारावर ही आरोळी कानांवर आली, तेव्हा माझा वेग असा होता की माझी सावली मागे पडून धापा टाकत होती. एक सायकलवाला मला ओलांडून गेला हे खरं. पण तो माणूस घाईत असावा.

मी लाँगबोर्डवर उभा होतो. आमच्या सांगलीच्या मंडळींसाठी सांगतो: पाटापेक्षा लांब आणि खाटेपेक्षा अरुंद अशी ही फळी. खाली चार चाकं, पोटाशी बॅटरी, मागच्या चाकांना मोटर आणि आपल्या हातात चालवायचा-थांबवायचा रिमोट. समोर अर्ध्या रस्त्यावर हळवं भात (लवकर पिकणारं) वाळत घातलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातून टेंपो येत होता. मी ब्रेक दाबला. ग्रामदैवताचा धावा करायचा, तर तिथलं ग्रामदैवत कोण हे ठाऊक नव्हतं, म्हणून आठवतील तेवढ्या सगळ्या देवांना कामाला लावलं आणि भाताच्या बरोबर मधोमध जाऊन थांबलो.

ओरडणाऱ्या बाई खराटा घेऊन आल्या. यमुनाबाई त्यांचं नाव. शेत रस्त्याला लागूनच. खराटा माझ्यासाठीच असणार असं धरून मी पाठ तयार ठेवली. पण त्यांनी आधी चाकांच्या वाटेतले चार दाणे उचलले आणि दाताखाली धरून पाहिले. दाणे शाबूत होते. टेंपो गेला असता तर नुसती कणी झाली असती, असं म्हणून त्यांनी खराटा खाली ठेवला. मग त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं.

त्या चाकांसाठीच तर हा प्रवास होता. माझी मूळची चाकं लहान आणि कडक. दहिवलीत मी मावसभावाकडे उतरलो होतो. तिथल्या गल्लीत त्या चाकांवरून एकच फेरी मारली, तर वरचे दात खाली आले आणि खालचे वर गेले. वहिनींनी जेवायला हाक मारली, तर मी दिलेली ‘ओ’ तीन तुकड्यांत बाहेर पडली. नवी चाकं हाताच्या पंजाएवढी, कलिंगडाच्या गरासारखी लाल आणि मऊ, युरेथेनची. युरेथेन म्हणजे रबराचा शिकलेला भाऊ. ते साच्यात पातळ ओततात आणि भट्टीत तापवून पक्कं करतात.

ही चाकं मावसभावाच्या ओळखीच्या जनूभाऊंनी साजगावच्या एका छोट्या कारखान्यात ओतली होती. एरवी ते मोठ्या कंपन्यांसाठी रोलर ओततात. रोलर म्हणजे निव्वळ लाटणं; आज ओतला तसाच उद्या. जनूभाऊंना चाकांचा नाद लागला आणि सुट्ट्या मोडून त्यांनी स्वतः साचा तयार केला. त्यांच्या मालकांनी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, एक अट घातली. ही चार चाकं दहिवलीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत धडधाकट आली, तर शेडचा एक कोपरा आणि हे काम जनूभाऊंचं. फाटली, तर साचा भंगारात आणि पुन्हा विषय नाही. दुपारी चारला शेठ स्वतः बघणार होते.

त्यामुळे यमुनाबाई चाकं न्याहाळू लागल्या तेव्हा मी छाती पुढे काढली. दाणे चाकांना चिकटले नव्हते, आत घुसले होते. चारही चाकं साळिंदरं झाली होती.

“आमचं भात घेऊन चाललास कुठं?” त्या म्हणाल्या. “बस आनि काढ एकेक.”

बाभळीचा काटा घेऊन मी बांधावर बसलो. दोन पोती भात निघालं, असं मी म्हणालो तर यमुनाबाईंनी माझ्यापुढची ओंजळभर रास बघितली आणि पोती लय बारकी दिसतात, एवढंच म्हणाल्या. दाणा निघाला की त्या जागी खड्डा उरायचा. चाक बघता बघता फणसासारखं दिसू लागलं. मऊपणा म्हणतात तो हा, असं मी त्यांना ऐकवलं. दगड असो, खडी असो, हे चाक पोटात घेतं आणि वरच्याला कळूही देत नाही. त्यांनी चाकावर अंगठा दाबून धरला, उचलला, ठसा पाहिला.

“कच्चं हाय रं ह्ये.”

भाकरी करणाऱ्या बाईला युरेथेनमधलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं. त्यांनी मला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी (वाळवलेल्या बारीक मासळीची) आणि वर तांब्याभर ताक दिलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. इथे माझा आकडा खरा आहे.

पुढचा रस्ता सुखाचा झाला. डावीकडे घाटाची उभी भिंत, तिच्यावर उन्हात पिवळं पडत चाललेलं गवत, उजवीकडे अर्धी कापलेली, अर्धी उभी शेतं. उखडलेलं डांबर आलं, खडी आली, पण पायांना त्याची बातमी उशिरा आणि अगदी हळू आवाजात मिळत होती. एका ठिकाणी मला उभ्या उभ्या डुलकी लागली, स्वप्न पडलं आणि त्या स्वप्नातही रस्ता गुळगुळीत होता. इतकं शांत मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

खोपोलीच्या शिळफाट्याला ती शांतता संपली. बाजाराच्या गर्दीतून सावकाश निघालो, तर मागच्या डाव्या चाकाचा पेरूच्या फोडीएवढा तुकडा उडून एका फळवाल्याच्या गाडीखाली गेला. पुढे आणखी एक. मग उजव्या चाकालाही तीच खोड लागली. मी वेग इतका कमी केला की मुंग्यांनी मला वाट दिली. फाटकाशी पोचलो तेव्हा मागची दोन्ही चाकं कुणीतरी अर्धी खाऊन टाकून दिल्यासारखी झाली होती.

शेठ उभेच होते. शेजारी जनूभाऊ, पोटाशी साचा धरून. जनूभाऊंनी चाकं पाहिली आणि साचा दुसऱ्या हातात घेतला.

मला ते बघवेना. माझ्यापाशी एकच हत्यार आहे. ते मी काढलं. पळसदरीच्या रानात डुकरांचा कळप आडवा आला, त्यांच्या म्होरक्याने मागच्या चाकांचे लचके तोडले, चाकं तरी चालतच राहिली आणि शेवटी डुकराचाच सुळा तुटला, असं मी शेठना सांगितलं. सुळा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. तो त्यानेच परत मागून घेतला, मी म्हणालो. शेठचं पोट हलायला लागलं. हसता हसता ते म्हणाले की जनावराने चावलं तर चाकाला दोष कसा द्यायचा, आणि त्यांनी जनूभाऊंच्या खांद्याकडे हात नेला.

“डुक्कर नाय, शेठ,” जनूभाऊ म्हणाले. “चाकं कच्ची हायत.”

शेठचा हात तिथेच थांबला. जनूभाऊंनी सगळं सांगून टाकलं. चाकांना भट्टीत सोळा तास लागतात, मिळाले चार. खंडेनवमी होती (नवरात्रातली अवजारांच्या पूजेची नवमी), सगळी यंत्रं थांबवून पुजली, त्यांत भट्टीही बंद झाली. पुजलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. तोवर माल थंड. मागाहून तापवून काय होणार? आजचा दिवस शेठनी आधीच दिलेला, तो बदलून मागायचा धीर झाला नाही, म्हणून आहेत तशीच चाकं माझ्या हवाली केली. चूक आपली, असंही ते म्हणाले.

शेठ बराच वेळ शेडच्या आत बघत राहिले. आत भट्टी होती. तिच्या बटणावर झेंडूचा हार अजून तसाच सुकत होता.

“साचा आत ठेव,” ते म्हणाले. “परत ओत. पुरे सोळा तास दे.” आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

परतीला जनूभाऊंनी मला कारखान्याच्या टेंपोतून दहिवलीला सोडलं. फळी माझ्या मांडीवर आडवी होती. डाव्या बाजूची भिंत आता उजव्या बाजूला आली होती आणि तिच्यावरचं ऊन तांबूस झालं होतं. मी विचार करत होतो. डुकराची गोष्ट मी फार मेहनतीने रचली होती आणि ती लागूही पडली होती. तरी त्या फाटकात जे काही घडलं ते तिच्यामुळे घडलं नव्हतं. इतकं दूर येऊन मी चाकं तपासली असं मला वाटत होतं, आणि चाकांबद्दल मला जेवढं कळलं त्याहून यमुनाबाईंच्या अंगठ्याला जास्त कळलं होतं.

केळवलीच्या आसपास मी विचारलं, की त्या दिवशी भट्टी बंद केली कुणी?

“शेठनी. नारळ फोडला, बटन बंद केलं, हार घातला.”

मग हे तिथेच का नाही सांगितलं, मी म्हणालो. साचा भंगारात जायची वेळ आली होती आणि तुम्ही चूक स्वतःवर घेत बसलात.

रस्त्यात गुरं आली होती. जनूभाऊंनी टेंपो थांबवला, शेवटची म्हैस पलीकडे जाऊ दिली आणि गिअर टाकला.

“त्यांना माईत हाय.”