पाण्याच्या सर्व्हेत भेटलेली माणसं

सर्व्हे करणाऱ्यांकडे दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे आकडे. ते कॉम्प्युटरमध्ये जातात. दुसरं म्हणजे फॉर्म भरून झाल्यावर, आपण चपला घालत असताना माणसं जे बोलतात ते. त्याला फॉर्ममध्ये रकाना नसतो, मग ते आपल्याकडेच राहतं. चार वर्षांत माझ्याकडे असं बरंच राहिलंय.

सांगलीत आमची टीम तिघांचीच. अनुदान किंवा पाणीपट्टी बदलली तर शेतकरी काय करेल, याचं गणिती मॉडेल बनवणारे आमचे सर, जतची नंदा आणि मी.

पलूसला एक रिटायर्ड सुभेदार भेटले. बांधावरसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट! मी विचारलं, "पाण्याचा दर दुप्पट झाला तर ऊस कमी कराल का?"

"दराचं ऱ्हाऊ द्या, मॅडम. फौजेत कवा निघायचं ते आमाला आधी कळायचं. हितं पाणी आलंय का न्हाई, ते पाटात हात घातल्याबिगर कळत न्हाई!"

पाणी वेळेवर येतं का, हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हताच. त्याच दिवशी सरांनी तो घातला, दराच्या प्रश्नाच्या आधी.

कोरेगावकडे शालनताईंनी अनुदानातून उसाला ठिबक बसवलं होतं. सर खुश. "म्हणजे पाणी वाचलं असेल?"

"व्हय की, लय वाचलं!"

"मग वाचलेल्या पाण्याचं काय केलंत?"

हा माणूस खरंच शिकलेला आहे का, अशा नजरेनं शालनताईंनी सरांकडे पाहिलं! "त्येचं काय करणार? पलीकडच्या तुकड्यात बी ऊस लावला."

परतीच्या वाटेवर सरांनी वही उघडली आणि तशीच मिटली. मग म्हणाले, "हेच सिद्ध करायला मी बारा पानं लिहिलीत गं."

एकदा मॉडेलनं उत्तर दिलं, की सगळ्यात फायद्याचं म्हणजे जतच्या कोरडवाहू पट्ट्यात शेतीच करू नये. सर उत्साहानं स्क्रीन दाखवत होते. नंदा पाहत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, मग मी रविवारी कुठं जाऊ?"

तिच्या घरची ज्वारी त्याच पट्ट्यात आहे.

सरांनी मॉडेलमध्ये एक अट वाढवली, प्रत्येक घराची थोडी तरी ज्वारी राहिलीच पाहिजे. फाईलमध्ये त्या ओळीचं नाव आजही 'नंदा' असंच आहे.

जतच्याच एका वस्तीवर मेंढरं राखणारे एक आजोबा होते. त्यांना कानडीच येत होतं, म्हणून प्रश्न नंदा विचारत होती. टँकर दोन दिवस आला नव्हता. तरी गेल्या गेल्या त्यांनी आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. पुढचा प्रश्न होता, 'पाण्यासाठी तुम्ही किती पैसे द्यायला तयार आहात?' नंदा अडली.

"मी हे नाही विचारणार," ती मला हळूच म्हणाली. "आत्ताच त्यांचं पाणी प्यालोय आपण."

आमची कुजबुज पाहून आजोबा काळजीनं काहीतरी बोलले. नंदाचे डोळे भरून आले.

"ते विचारतायत, पाणी खारट लागलं का?"

तो रकाना आम्ही कोराच ठेवला.

आणि सर्व्हेची शेवटची बैठक. कालव्याच्या तोंडाचं उसाचं गाव आणि अगदी शेवटाचं कोरडं गाव, दोन्हीकडची माणसं एका हॉलमध्ये. सरांनी पडद्यावर एक निळी रेघ दाखवली. वरच्या गावानं उन्हाळ्यातली पाण्याची एक पाळी खाली सोडली, तर दोन्ही गावांचं मिळून उत्पन्न वाढतं.

वरच्या गावचे आण्णा उठले. मोठे बागायतदार, त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. "मिळून म्हंजे? आमचं आन् त्यांचं एकत्र कवापास्नं झालं?"

वरचं गाव हसलं. खालच्या गावातून तानूबाई उठल्या. पदर सावरून म्हणाल्या, "आवं पावणं, माझी लेक तुमच्या घरात सून म्हनून दिली, तवापास्नं!"

आता सगळेच हसले. तानूबाई हसल्या नाहीत.

"उन्हाळ्यात लेक माहेराला येती. लेकराला आंघोळीला पाणी न्हाई, म्हनून दुसऱ्या दिशी माघारी जाती. चार वर्सं झाली, माझ्याकडं दोन रात्री ऱ्हायली न्हाई ती."

आण्णा उभेच होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "सायेब, ती रेघ जरा परत दाखवा."