एकोजीरावांचं सिंगापूरचं सिम

एकोजीराव स्वतः कधी परदेशी गेले नाहीत. पण त्यांच्या नात्यागोत्यातलं कुणीही त्यांची गाठ घेतल्याशिवाय विमानात बसलं नाही. याला कारण एक मोबाइल. दोन हजार तीन साली त्यांच्या भाच्यानं, जनकोजीनं, अमेरिकेहून एक हँडसेट आणून दिला. तो तिथल्या कंपनीच्या सिमशिवाय दुसरं सिम घेईना. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानदारानं केबल जोडून दहा मिनिटांत तो अनलॉक करून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एकोजीराव मात्र घरी आले ते कुलूप आपणच फोडल्याच्या थाटात.

तेव्हापासून अण्णा नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत वर्गच भरू लागला. कुणी मलेशियाला निघालं, कुणी दुबईला, की एकोजीराव त्याला समोर बसवत आणि सांगत: रोमिंगच्या नादी लागू नका, उतरल्या उतरल्या तिथलं सिम घ्या, या हँडसेटमध्ये घाला, तिथल्या माणसासारखे बोला. सल्ला उत्तम होता, हे कबूल करायला हवं. फक्त तो अडीच तास चालायचा आणि मध्ये प्रश्न विचारलेला चालत नसे. हँडसेट ते फुकट देत. अट एकच, परत येताना तिथलं सिम त्यांच्याकडे जमा करायचं. आजोबांचा तंजावरहून आलेला चांदीचा पानाचा डबा होता. त्याच्या ज्या खणांत एके काळी चुना, कात आणि सुपारी असायची, तिथे आता सिंगापूर, क्वालालंपूर आणि कोलंबो नांदत होते. स्वतः एकोजीरावांकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. अर्ज भरायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाला त्यांनी अर्जातल्या चुका समजावून सांगितल्या, आणि ते प्रकरण तिथेच राहिलं.

गिंडीच्या एका पंपांच्या कारखान्यात ते बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे त्यांचं नाव 'तेरियुम सार' पडलं होतं. तेरियुम म्हणजे ठाऊक आहे. कुणी सांगायला आलं की बेअरिंग संपली, तर ते मान न वर करता म्हणत, "तेरियुम." कुणी म्हणालं, गोदामात पाणी शिरलं, तर "तेरियुम, तेरियुम." पाणी मग घोट्यापर्यंत चढे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात म्हटलं की, राव गेल्यावर आम्हाला सगळं कोण सांगणार? लोक खूप हसले. एकोजीरावांना ते कौतुक वाटलं आणि त्यांनी घरी येऊन बायकोला तीनदा सांगितलं.

बायकोचं नाव राजसबाई. बोलायची सवय तिला कमी, कारण त्या घरात बोलायला जागाच उरत नसे. दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्यांची मुलगी हरिणी सिंगापुरात बाळंत व्हायची होती. जावई गिरीधर यानं एकच तिकीट पाठवलं. हरिणीनं फोनवर सांगितलं, "अम्माला पाठवा अप्पा. तुमचा पासपोर्ट नाही ना." पासपोर्ट असता तर तिनं दुसरं काही कारण शोधलं असतं, पण ते एकोजीरावांच्या ध्यानात आलं नाही. ते लगेच तयारीला लागले.

तयारी म्हणजे राजसबाईची शिकवणी. पंधरा दिवस रोज सकाळी तिनं हँडसेटचं मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, सिम सरकवायचं, परत लावायचं. मग त्यांनी डब्यातून सिंगापूरचं सिम काढून दिलं. हे सिम शेजारच्या कुमुदिनीच्या भावानं दोन वर्षांपूर्वी आणलं होतं. रिचार्ज न केलेलं सिम काही महिन्यांत मरतं, हे एकोजीरावांनी आजवर निदान वीस जणांना बजावलं होतं. पण आपल्या डब्यातलं सिम मरेल हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यांनी तो नंबर पाठ केला आणि सूचनांचा कागद लिहिला, मराठीत पण तमिळ अक्षरांत, राजसबाईला तीच वाचता येत म्हणून. पहिली सूचना अशी: तू फोन करायचा नाहीस. मी रोज संध्याकाळी सात वाजता करीन.

"आणि नाहीच लागला तर?" राजसबाईनं विचारलं.

"लागतो. मज ठाऊक आहे," एकोजीराव म्हणाले.

ती गेली, आणि दुसऱ्याच दिवशी एकोजीरावांनी आपला चेन्नईचा नंबर बदलला. जन्मभर इनकमिंग फुकट अशी नवी योजना निघाली होती आणि ती आपण घेतली नाही असं कुणी म्हणू नये, एवढीच त्यांची इच्छा. नवा नंबर त्यांनी एसएमएसनं बायकोला कळवला, त्या पाठ केलेल्या नंबरावर. घरातला लँडलाइन त्यांनी वर्षापूर्वीच काढून टाकला होता. नंबरांची वहीसुद्धा फाडली होती, कारण सगळे नंबर हँडसेटमध्ये आहेत, वह्या आता कोण ठेवतं? तो हँडसेट, सगळ्या नंबरांसकट, सिंगापुरात होता.

सात वाजता त्यांनी दुसऱ्या, साध्या हँडसेटवरून फोन लावला. एक बाई इंग्रजीत म्हणाली की हा नंबर वापरात नाही. एकोजीरावांनी पुन्हा लावला. बाईनं पुन्हा तेच सांगितलं, अगदी सभ्यपणे. नेटवर्कवर ताण असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना आतून कळलं की सिम मेलेलं आहे. हे कळूनही ते गप्प राहिले. जो माणूस अर्ध्या अण्णा नगराला सिम शिकवतो त्यानं स्वतःच्या बायकोला मेलेलं सिम दिलं, आणि आता तिचा नंबर तो लोकांना विचारत फिरतो, हे ऐकायला लोक किती आनंदानं बसले असते ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी आठवून पुढे त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते रोज सात वाजता बाल्कनीत उभे राहून, कुमुदिनीच्या स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, त्या इंग्रजी बाईशी बोलू लागले. "सरी, सरी, बरं बरं. ऊन लागू देऊ नको. हरिणीला सांग, अप्पांनी विचारलंय." बाई पलीकडून नंबर वापरात नसल्याचं सांगत राही.

तिकडे सगळं सोपं होतं. जुनं सिम चालेना म्हणून गिरीधरनं विमानतळावरच नवं घेतलं, राजसबाईच्या पासपोर्टावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरीधरनं सासऱ्यांना फोन लावला तर तो बंद. म्हणून राजसबाईनं कुमुदिनीच्या लँडलाइनवर फोन करून नवा नंबर दिला आणि तो यांना सांग म्हणाली. कुमुदिनी लगेच आली.

"राव, अक्काचा फोन होता. तिचा नंबर..."

"तेरियुम," एकोजीराव म्हणाले. कुमुदिनीचा भाऊच ते मेलेलं सिम देणारा. तिच्या तोंडून सिमबद्दल काही ऐकायची त्यांची तयारी नव्हती. कुमुदिनी परत गेली. बाल्कनीतलं बोलणं ती रोज ऐकत होतीच, त्यामुळे तिला काही वावगं वाटलं नाही. राजसबाईला तिनं सांगितलं, रावांना ठाऊक आहे. आणि राजसबाई तिकडे रोज सात वाजता, म्हणजे तिच्या साडेनऊला, फोन हातात घेऊन बसू लागली. फोन येत नाही हे शेजारणीला सांगणारी बाई ती नव्हे.

दहाव्या दिवशी कुमुदिनी पुन्हा आली. डोळे लाल झालेले. "राव, हरिणीचं असं अचानक..."

"तेरियुम, तेरियुम," एकोजीराव पटकन म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर मग त्यांच्या ध्यानात आलं. काय अचानक? पण कुमुदिनी मान हलवून, "धीर धरा," म्हणून निघून गेली होती.

त्यानंतरचे दिवस एकोजीरावांनी जसे काढले तसे शत्रूलाही काढावे लागू नयेत. त्यांना विचारायचं होतं, पण विचारतोय असं दिसायला नको होतं. ते लोकांपुढे जात आणि मोघम बोलत. सत्यनारायणाच्या पूजेला नारायणस्वामी भेटले, हेही तंजावरकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. एकोजीराव त्यांना म्हणाले, "हरिणीचं ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटणार?" नारायणस्वामी म्हणाले. "देवाची इच्छा. पण तुमच्या धीराचं कौतुक करतात अस्की माणसं, सगळीच्या सगळी. एवढं होऊन तुम्ही रोज शांतपणे फोनवर बोलता म्हणे."

देवाची इच्छा, हे शब्द आपल्याकडे कशाकशाला वापरतात ते एकोजीराव जाणून होते. त्यांनी प्रसादाचा द्रोण तसाच खाली ठेवला. आणि तरीही, काय सांगावं या माणसाला, नारायणस्वामींचा हात धरून, काय झालंय हो माझ्या मुलीला, एवढं त्यांच्यानं विचारवेना. धीराचं कौतुक चाललं होतं ना! ते घरी आले आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसून रडले. हरिणी लहानपणी ताप आला की त्यांच्याच मांडीवर झोपायची, आईच्या नाही. ते त्यांना आठवलं. घरात कुणी नव्हतं म्हणून रडता आलं, एवढंच.

आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी ते कुमुदिनीकडे गेले. वाटेत, म्हणजे जिन्याच्या चार पायऱ्यांत, त्यांनी सबब तयार केली. "हँडसेट बदलला. नंबर सगळे गेले. राजसचा नंबर दे जरा."

कुमुदिनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला नंबर दाखवला. तीन आठवडे तो नंबर तिथे होता, त्यांच्या घरापासून दहा पावलांवर. त्यांनी तो तिथेच उभं राहून लावला. या वेळी इंग्रजी बाई आली नाही. रिंग गेली.

"हलो. कोण?" राजसबाईचा आवाज.

"मी."

ती म्हणाली, "आतां केलात?"

"हरिणी कशी आहे?" एकोजीरावांनी विचारलं. कुमुदिनी कॉफी करायला आत गेली होती, हे बरं झालं.

"आतां बरी आहे. मुलगीपण बरी आहे."

"मुलगी?"

"नात तुमची. सात आठवडे आधी झाली. आठ दिवस काचेच्या पेटीत होती, एवढीशी. हरिणीला रक्त द्यावं लागलं. मी एकटी त्या हॉस्पिटलात बसून होते, डॉक्टरांचं इंग्रजी कळेना, आणि फोन हातात धरून होते. तुम्ही कराल म्हणून." ती रडत नव्हती. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. "हरिणी विचारत होती, अप्पांना कळवलं का? मी सांगितलं, कळवलंय, त्यांना ठाऊक आहे."

एकोजीरावांना दोन गोष्टी दिसल्या. नेटवर्क खराब होतं असं म्हणता आलं असतं. त्यावर त्यांना अर्धा तास बोलता आलं असतं, बँडपासून टॉवरपर्यंत. पण त्यानं ते जाणकार राहिले असते आणि निर्दय ठरले असते. दुसरी गोष्ट त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. ती त्यांनी आता सांगितली.

"राजस, मज ठाऊक नव्हतं. सिम मेलेलं होतं. मी जुनाच नंबर लावत होतो. कुणी काय सांगायला आलं ते मी ऐकूनच घेतलं नाही. मज काहीच ठाऊक नव्हतं ग."

"कुमुदिनीनं दोनदा येऊन सांगितलं तुम्हाला."

"मी तिला बोलूच दिलं नाही."

"आणि ती म्हणते, तुम्ही रोज सात वाजता फोनवर बोलता. कुणाशी?"

एकोजीरावांनी तेही सांगितलं. सांगताना त्यांच्याच कानांना ते इतकं खोटं वाटलं की त्यांनी ते घाईघाईनं आवरलं.

"पुरे," राजसबाई म्हणाली. "छत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. तुम्हाला ठाऊक नाही असं एक काही मी पाहिलं नाही. माझ्या अम्माचं दुखणंसुद्धा डॉक्टरच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं. आणि एवढं एक तेवढं ठाऊक नव्हतं? वेळ नव्हता म्हणा. मन नव्हतं म्हणा. ते मी समजून घेईन. मेलेल्या सिमची कथा मज नको."

"देवाशपथ, राजस."

मागे कुठेतरी एक बारीक, चिरका आवाज सुरू झाला. एकोजीरावांनी फोन कानात रुतेल इतका दाबून धरला.

"उठली ती," राजसबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

कुमुदिनी कॉफी घेऊन आली. पेला त्यांच्या हातात देत तिनं विचारलं, "बाळाचं वजन किती झालं हो आता? नाव काय ठेवायचं ठरलंय?"

"मज ठाऊक नाही," एकोजीराव म्हणाले.

कुमुदिनी हसली. रावांना थट्टा करता येते हे तिला आजच कळत होतं. ती त्यांच्या समोर बसली आणि म्हणाली, "सांगा ना. अस्की जण मला विचारताहेत."