कोठीमागचे तुकडे

ज्याने सारी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्यात घालवली, त्याने साठीनंतर स्वतः लिहू धजावे हा अगाऊपणाच आहे. वाचकांनी क्षमा करावी. विषयही थोर नाही. तो दोन महिन्यांच्या एका पिल्लाचा आहे.

पत्नी गेल्यापासून मेहरूण भागातल्या घरात मी एकटाच असतो. धुळ्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या खळ्यात कुत्री व्याली, तेव्हा एक पिल्लू मला मिळावे असे मी भीतभीत विचारले. अक्का म्हणाली, आधी घर पाहीन, मग ठरवीन.

मी आठवडाभर तयारी केली. कूलरची वायर प्लास्टिकच्या नळीत घातली, फाटकाच्या खालच्या गजांना जाळी बांधली, फिनेल वरच्या फळीवर नेले आणि कण्हेरीची कुंडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. होळीच्या आधी अक्का एसटीने आली. पिशवीतून पिल्लाचे डोके बाहेर होते. चहासुद्धा न घेता तिने सगळ्या खोल्या पाहिल्या आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसली.

"भाऊ, तू बठ्ठं उभा राहीसन देखस," ती म्हणाली. "पिल्लूनं तोंड जमीनवर शे." बठ्ठं म्हणजे तिच्या बोलीत सगळं.

तिने पिल्लू खाली सोडले. ते हुंगत थेट गव्हाच्या पत्र्याच्या कोठीकडे गेले आणि मागच्या फटीत पंजा घालू लागले. अक्काच्या घरी ते वरण-बट्टीवर वाढलेले. तेव्हाच मला आठवले. गेल्या पावसाळ्यात उंदीर फार झाले होते. उंदरांचे औषध नुसते ठेवले तर ते शिवत नाहीत, म्हणून मी तुपात मुरलेल्या शिळ्या बट्टीचे तुकडे करून त्यांत ते भरले होते आणि घरभर ठेवले होते. नंतर ते साफ विसरून गेलो.

मी पिल्लाला उचलले आणि अक्काला सगळे सांगितले.

"इतलं शिकना, आन् वीख कोठे ठेवं ते याद नही?" ती म्हणाली. "कितला तुकडा व्हतात?"

"सात. किंवा आठ."

"सात का आठ?"

आम्ही दोघांनी कोठी सरकवली, हाताला पिशव्या बांधून कोपरे चाचपले. संध्याकाळपर्यंत पाच तुकडे मिळाले, काळे पडलेले, दगडासारखे. त्यांतले दोन मी ठेवल्या जागी नव्हतेच. उंदरांनी ओढून नेले होते. अक्काने पिल्लू पुन्हा पिशवीत घातले.

"मी हाई लई जासू. बठ्ठा सापडनात का फोन कर."

मी तिला थांबवले नाही. बसस्थानकावर पिल्लू माझे बोट चावत होते, तेव्हा तो हात साबणाने तीनदा धुतलेला आहे हे मी मनात पुन्हा पुन्हा तपासत होतो.

त्यानंतर मी घर गुडघ्यांवर रांगत पाहिले. बिळे सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बुजवली. सहावा तुकडा गॅसच्या सिलिंडरखाली सापडला, सातवा देवघराच्या पाटामागे. त्याला आता तीन आठवडे झाले. आठवा मी कधी ठेवलाच नसेल. किंवा तो उंदराने केव्हाच खाल्ला असेल. किंवा तो अजून कुठे तरी असेल.

काल अक्काचा फोन आला. पिल्लू आता तिच्या चपला पळवते, म्हणाली. मग विचारले, "सापडनात का बठ्ठा?" मी काहीही सांगितले असते तरी तिने ते मानले असते, कारण मी तिच्याशी कधी खोटे बोललेलो नाही. उद्या सांगतो, असे म्हणून मी फोन ठेवला.

माझ्या जागी तुम्ही असता, तर उद्या तिला काय सांगाल?