भाताचा डोंगर आणि एक 'ळ'

केळीच्या पानावर गरम भात पडला की एक हिरवट वास सुटतो. आज अन्नकूटाला तमिळ मुलखातल्या मरुदानल्लूरच्या भजनमठात तो वास आला आणि मी पुन्हा सहा वर्षांची झाले.

तेव्हा अप्पांनी, माझ्या वडिलांनी, इथेच भाताचा गोवर्धन रचला होता. पायथ्याशी चिंचेचा भात, वर पांढराशुभ्र दहीभात. "जा गे, डोंगर तयार आहे म्हणून मागच्या बायकांस सांग," म्हणाले, आणि डोंगराचा तमिळ शब्दही त्यांनीच शिकवला. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, अशी आमची रीत.

त्यांनी शिकवलेला शब्द तसाच घोकत अंगणात गेले आणि ओरडले, "मळै वंदाच्चु!"

मलै म्हणजे डोंगर. मळै म्हणजे पाऊस. वंदाच्चु म्हणजे आला. इथे कार्तिकात पावसाचेच दिवस, बायका सरपण आणि वाळत घातलेली लुगडी उचलायला धावल्या. वर मात्र लख्ख ऊन! मग असा हशा पिकला की मी खांबाआड लपले.

अप्पा धावत आले. "हसता काय? पाऊस आला, म्हणूनच तर कृष्णानं डोंगर उचलला!" माझा हात धरून त्यांनी पहिली प्रदक्षिणा मला घालायला लावली. त्यांचे कान लाल झाले होते. चुलीची धग लागली असेल, असं मला वाटलं.

आज भाताभोवती फिरताना एकदम आठवलं, आणि ते लाल कान उमगले. आभाळ भरून आलं की अप्पा जन्मभर म्हणायचे, "छत्री घे गे, मलै येते आहे."