चकचकीत सायकल, खलास बेअरिंग

सुभेदार साळुंख्यांनी माझ्या दुकानाच्या दारात सायकल उभी केली. मी पेडल हाताने फिरवून पाहिलं. गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज. बॉटम ब्रॅकेट पुन्हा गेला होता. पेडल मारताना फ्रेमच्या पोटात जो दांडा फिरतो, तो आणि त्याची बेअरिंग, या सगळ्याला आम्ही बॉटम ब्रॅकेट म्हणतो. एरवी वर्षानुवर्षं टिकतो. साळुंख्यांचा महिना-दोन महिन्यांत खलास व्हायचा आणि मी दर वेळी वॉरंटीत नवा बसवून द्यायचो.

"कसला माल इकतोस रं?" सुभेदार रिटायर झाले होते, आवाज नाही. "माझ्या सायकलीवर धुळीचा कण दाव. मेंटेनन्स एकदम फौजी हाय!"

ते मात्र खरं होतं. माझ्या शोरूममधल्या नव्या सायकली तिच्यापुढे कळकट दिसत होत्या.

साताऱ्याला कंपनीच्या कदमसाहेबांना फोन लावला.

"पुन्हा तेच गिऱ्हाईक? बसवताना तुम्हीच घोळ घालताय. हा शेवटचा क्लेम. आणखी एक आला की डीलरशिप रद्द!"

मला भयंकर राग आला. फिटिंगमध्ये सांगलीत माझा हात कुणी धरणार नाही. पण डीलरशिप गेली तर नुसती पंक्चरं काढत बसावं लागणार होतं. म्हणून नवा पार्ट बसवून दिला आणि त्याच आठवड्यात, न कळवता, सकाळीच पलूस गाठलं.

साळुंख्यांच्या अंगणात सायकल उलटी उभी होती. सुभेदारसाहेबांनी आधी डिझेलचा बोळा बॉटम ब्रॅकेटवर पिळला. मग द्राक्षबागेच्या फवारणीच्या पंपाची गन उचलली, एक डोळा मिटून नेम धरला आणि धार मारली. थेट बेअरिंगवर.

"साहेब, थांबा! हे रोज करता?"

"रोज. पलटणीत रायफल रोज साफ हुयाची. सायकल काय येगळी हाय व्हय?"

बेअरिंग जगतं ते आतल्या ग्रीसवर. डिझेलने ग्रीस विरघळतं, प्रेशरने धुऊन जातं, मग पाणी आत शिरतं. सगळं नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण गन काही खाली ठेवेनात.

"म्हंजी सायकल घाण ठिवू म्हणतोस?"

शेवटी मी आवाज चढवला. "साहेब, कंपनीची ऑर्डर आहे! फक्त कोरडं फडकं. पंप बंद!"

"ऑर्डर?" त्यांनी टाचा जुळवल्या आणि गन खाली ठेवली. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय, गड्या!"

माझ्या जिवात जीव आला. चहा घेऊन आलेल्या काकूंचा चेहरा मात्र उतरला. "आवं, मग आता सकाळचं ह्यांनी करायचं काय?"

मी हसण्यावारी नेलं.

बॉटम ब्रॅकेट त्यानंतर एकदाही गेला नाही. कदमसाहेब गप्प झाले, डीलरशिप शाबूत राहिली. पुढे एके दिवशी काकूंचा फोन आला. "आवं दादा, माझी शिलाई मशीन पार गच्च बसलीया. ह्ये रोज डिझेलनं धुत्यात. वॉरंटीत बसतंय का बगा की!"

तेव्हापासून सायकल विकताना मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, फौजेत होता का? अडचण एवढीच, की आमच्या भागात निम्मे लोक "व्हय" म्हणतात.